अ‍ॅझटेक दगडी शिल्पांतील प्राणी कसे वाचावेत

अ‍ॅझटेकांच्या दगडी शिल्पांसमोर उभे राहिले, अथवा त्यांची छायाचित्रे सावकाश पाहिली, तर प्राण्यांची दाटी सर्वांत आधी जाणवते. वेटोळे घातलेले साप, दबा धरून बसलेले जग्वार, गरुड, बेडूक, ससे, कुत्रे, माकडे, नाकतोडे, इतकेच नव्हे तर पिसूसुद्धा या शिल्पकारांनी दगडात घडवली आहे. त्यांचा अर्थ लावण्यासाठी बहुतेक ठिकाणी एक तयार यादी पुढे केली जाते : गरुड म्हणजे सूर्य, जग्वार म्हणजे रात्र, साप म्हणजे पृथ्वी. ही यादी खोटी नाही, परंतु ती अपुरी आहे, आणि केवळ तिच्यावर विसंबणारा माणूस शिल्प पाहायचे सोडून यादीच पाहत राहतो. येथे मांडलेल्या पद्धतीचा आधार असा की, प्राण्याचा अर्थ एकट्या प्राण्यात नसतो. त्याच्या अंगावर जोडलेल्या खुणा, तो दगड ज्या कामासाठी घडवला ते काम आणि तो ज्या जागी ठेवला होता ती जागा, या तिन्हींतून तो अर्थ तयार होतो. म्हणून पाहण्याचा क्रम महत्त्वाचा आहे आणि तो पुढे दिला आहे.

प्रथम काळाची आणि लोकांची हद्द ठरवून घ्यावी. ज्यांना आपण अ‍ॅझटेक म्हणतो त्यांपैकी तेनोचतित्लान या सरोवरातील राजधानीचे रहिवासी स्वतःला मेशिका म्हणवत आणि नावात्ल भाषा बोलत. परंपरेनुसार हे नगर १३२५ मध्ये वसले आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी स्पॅनिश सैन्य व त्याचे स्थानिक मित्र यांच्या हाती पडले. आज संग्रहालयांत दिसणारी बहुतेक भव्य शिल्पे या काळाच्या उत्तरार्धातील, म्हणजे पहिला मोक्तेसुमा १४४० मध्ये सत्तेवर आल्यानंतरच्या सुमारे ८० वर्षांतील आहेत. तेओतिवाकान या मेशिकांच्या आधीच्या नगरातील पिसाधारी सर्पांची मंदिरभिंत याहून हजारापेक्षा अधिक वर्षे जुनी आहे, तर माया शिल्पांतील जग्वार वेगळ्याच राजवंशांचे आहेत. मेशिकांनी जुन्या संस्कृतींकडून पुष्कळ काही घेतले हे खरे असले, तरी एका काळाचा अर्थ दुसऱ्या काळाच्या दगडावर लादता येत नाही. आपल्या मनातील नाग आणि गरुड यांनाही, त्यांच्या पौराणिक वैरासह, या दालनाबाहेरच ठेवणे इष्ट.

प्राणी कोणता, हे आधी शरीरावरून ठरवा

शिल्पाचा अर्थ शोधण्यापूर्वी प्राण्याची जात निश्चित करावी, आणि ती एकंदर भासावरून नव्हे तर अवयवांवरून करावी. या शिल्पकारांचे निरीक्षण विलक्षण काटेकोर होते. त्यांच्याकडे लोखंडाची हत्यारे नव्हती; बेसाल्ट आणि अँडेसाइटसारखे कठीण दगड ते त्याहून कठीण दगडांनी ठोकून आकाराला आणत आणि वाळू व पाणी वापरून घासून गुळगुळीत करत. अशा कष्टाच्या कामात कोणताही बारकावा सहज म्हणून येत नाही. तो ठेवायचाच म्हणून ठेवलेला असतो. ब्रिटिश म्युझियममधील वेटोळे घातलेल्या खुळखुळ्या सापाचे शिल्प याची उत्तम साक्ष देते : शेपटीच्या टोकाचे खुळखुळे, तोंडातून बाहेर आलेली दुभंगलेली जीभ आणि विषारी दात तर त्यात आहेतच, शिवाय शिल्प जमिनीवर ठेवल्यावर कोणालाही न दिसणाऱ्या खालच्या बाजूला पोटावरचे आडवे खवलेही कोरलेले आहेत.

सापांत खुळखुळे शोधावेत. पक्ष्यांत आकडेदार चोच आणि मोठी नखे असलेला गरुड, तर बोडक्या डोक्याचे व गळ्याशी वेगळी पिसे असलेले गिधाड हा फरक तपासावा. श्वापदांत आखूड गोल कान, रुंद जबडा आणि जाड पंजे जग्वारकडे नेतात, तर टोकदार कान व लांबट तोंड कायोटी, लांडगा किंवा कुत्र्याकडे. सशाची ओळख लांब कान आणि पुढचे दोन दात यांवरून पटते.

जग्वारच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. त्याच्या अंगावरचे ठिपके दगडात कोरलेले नसतील तर तो जग्वार नव्हेच, असे मानू नये, कारण ही शिल्पे मुळात रंगवलेली असत. संग्रहालयांतील करड्या दगडांची सवय झाल्यामुळे आपण हे सारखे विसरतो. २ ऑक्टोबर २००६ रोजी तेनोचतित्लानच्या महामंदिरासमोर सापडलेल्या पृथ्वीदेवता त्लाल्तेकुत्लीच्या सुमारे १२ टनांच्या शिळेवर गेरूचा पिवळा, लाल, निळा, पांढरा आणि काळा असे रंग टिकून राहिलेले होते. त्यामुळे कोणत्याही प्राणिशिल्पाचे वर्णन करताना रंगाचे अवशेष आहेत का हे विचारावे, आणि नसले तरी पृष्ठभाग मुळात कोराच होता असे गृहीत धरू नये.

निसर्गात नसलेले काय आहे, ते शोधा

जात ठरल्यानंतरचा हा सर्वांत फलदायी टप्पा आहे. प्राण्याच्या अंगावर निसर्गाने न दिलेली प्रत्येक गोष्ट ही शिल्पकाराने मुद्दाम केलेली खूण असते, आणि या दृष्टीने सापाइतका शिकवणारा दुसरा प्राणी नाही. साप मेशिका शिल्पांत इतक्या वेगवेगळ्या रूपांत येतो की, ‘सापाचा अर्थ काय’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. ‘हा साप कोणता’ असे विचारावे लागते.

सापाच्या अंगभर लांब पिसे असतील, तर तो पिसाधारी सर्प म्हणजेच केत्साल्कोआत्ल होय. ही पिसे केत्साल पक्ष्याची, लांब आणि हिरवीगार. जमिनीवर सरपटणारा प्राणी आणि आकाशातला पक्षी यांना एकाच देहात आणणारी ही कल्पना मेशिकांच्याही पूर्वीची आहे. याच देवतेचे एहेकात्ल हे रूप वाऱ्याचे, आणि वारा पावसाच्या पुढे वाट झाडत येतो अशी त्या लोकांची श्रद्धा होती. वेटोळ्यांच्या वर मानवी चेहरा डोकावत असेल, तर देवता आणि तिचे प्राणिरूप एकत्र दाखवल्याचे लक्षात घ्यावे.

सापाचे नाक वर वळून मागे झुकलेले असेल, देह कप्प्याकप्प्यांचा असेल आणि शेपटीशी समलंब चौकोन व त्रिकोण यांचे वर्षचिन्ह असेल, तर तो शिउकोआत्ल, म्हणजे अग्निसर्प आहे. हे सूर्य आणि युद्ध यांचा देव वित्सिलोपोच्त्ली याचे शस्त्र. त्यानेच आपली बहीण कोयोल्शाउकी हिचा शिरच्छेद केल्याची कथा आहे. प्रसिद्ध सूर्यशिळेच्या कडेने असे दोन अग्निसर्प गोलाकार धावतात. त्यांच्या शेपट्या वरच्या बाजूला ‘१३ वेत’ या तिथीच्या दोन्ही अंगांना येतात आणि खाली त्यांची तोंडे समोरासमोर भिडतात. दोन्ही जबड्यांतून एकेक चेहरा बाहेर पाहतो. ३.६ मीटर व्यासाच्या त्या शिळेकडे पाहताना लोकांची नजर मध्यावरच्या चेहऱ्यावर खिळते आणि हे दोन सर्प केवळ नक्षी म्हणून दुर्लक्षित राहतात. खरे तर आकाशातून सूर्याला वाहून नेणारे म्हणून त्यांचा अर्थ लावला जातो, आणि तसे असेल तर संपूर्ण रचनेला गती देणारे तेच आहेत.

तिसरा प्रकार ओळखायला सर्वांत कठीण आहे. येथे साप हा साप नसतोच, तो दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभा असतो. कापलेल्या मानेतून किंवा अवयवांतून साप बाहेर पडताना दिसले, तर ते रक्ताचे प्रवाह समजावेत. हाता-पायांभोवती किंवा कमरेला गुंडाळलेला, दोन्ही टोकांना डोके असलेला साप हा दोर किंवा पट्टा असतो. कोयोल्शाउकीच्या गोल शिळेवर असे दुतोंडी साप स्पष्ट दिसतात. अग्नी, वारा, रक्त, बंधन, पाणी या सर्वांत वळणे, वाहणे आणि अचानक झडप घालणे हे गुण आहेत, आणि मेशिका शिल्पकाराने ते सापाच्या देहातून दाखवले. माझ्या मते, प्राण्याचा गुण उचलून दुसऱ्या गोष्टीला देण्याची ही रीत समजली की या शिल्पकलेचे अर्धे दार उघडते.

इतर प्राण्यांच्या बाबतीतही जोडलेल्या खुणा अशाच तपासाव्यात. ‘पवित्र युद्धाचे मंदिर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगडी मंदिर-प्रतिकृतीच्या पाठीमागे निवडुंगावर बसलेला गरुड आहे, आणि त्याच्या चोचीजवळून पाणी व जळते शेत यांची एकमेकांत गुंफलेली चिन्हे निघतात. ही जोडी युद्धाची खूण आहे. नगराच्या स्थापनेचा गरुड येथे युद्धाचा पुकारा करतो आहे, हे त्या चिन्हांमुळे कळते. एरवी तो केवळ निवडुंगावरचा पक्षी राहिला असता. मेक्सिको सिटीच्या पिनो सुआरेस मेट्रो स्थानकाच्या बांधकामात सापडलेल्या नाचऱ्या माकडाच्या तोंडावर चोचीसारखा मुखवटा आहे. तो मुखवटा वाऱ्याच्या देवाचा, आणि हे माकड ज्या गोल मंदिराच्या परिसरात मिळाले तेही त्याच देवाचे. माकडाचा चपळ, गरगर फिरणारा देह वावटळीचे रूप म्हणून वापरला गेला, हे मुखवटा आणि मंदिर यांच्या आधारे म्हणता येते. नुसत्या माकडावरून म्हणता आले नसते.

कधी कधी प्राणी पूर्ण नसतोच, त्याचा एखादा अवयव तेवढा दिसतो. बळींची हृदये ठेवण्याच्या गोल दगडी पात्रांच्या बाहेरून गरुडाच्या पिसांची ओळ कोरलेली आढळते. त्या पिसांमुळे संपूर्ण पात्रच गरुडाचे, पर्यायाने सूर्याचे होते. गुडघ्यांवर व कोपरांवर दात विचकणारे चेहरे आणि पायांना नखे दिसली, तर पृथ्वीची देवता आठवावी.

अंक आणि चौकट पाहा

प्राण्याचे डोके आणि त्याच्या आजूबाजूला लहान वर्तुळे दिसली की प्रतीकाचा विचार क्षणभर बाजूला ठेवावा, कारण बहुधा ती तारीख असते. मेशिकांच्या २६० दिवसांच्या पंचांगात २० दिवसचिन्हे आणि १ ते १३ हे अंक यांच्या जोड्या फिरत असत. त्या २० चिन्हांपैकी १० प्राण्यांची आहेत : मगर, सरडा, साप, हरीण, ससा, कुत्रा, माकड, जग्वार, गरुड आणि गिधाड. सूर्यशिळेच्या एका वर्तुळात ही सर्व चिन्हे क्रमाने कोरलेली असल्याने ओळख पटवण्याचा सराव तेथेच करावा. मात्र वर्षांची नावे केवळ चार चिन्हांवरून पडत : ससा, वेत, चकमकीचा दगड आणि घर. यात प्राणी एकच, म्हणून चौकोनी चौकटीत ससा व ठिपके असतील तर ते वर्ष आहे असे धरून चालावे.

यामुळे किती फरक पडतो हे अहुइत्सोत्ल राजाच्या उदाहरणावरून दिसते. १४८६ ते १५०२ या काळात राज्य केलेल्या या राजाचे नाव एका अद्भुत जलचर प्राण्याचे होते, ज्याच्या शेपटीच्या टोकाला मानवी हात असल्याचे वर्णन आहे. तेपोस्तलान येथील डोंगरावरच्या मंदिरातील कोरीव फलकांवर हा प्राणी आणि ‘१० ससा’ ही तिथी दोन्ही मिळाली. ‘१० ससा’ म्हणजे १५०२, राजाच्या मृत्यूचे वर्ष. वर उल्लेखिलेल्या त्लाल्तेकुत्लीच्या शिळेवरही पायाच्या नखांत ससा आणि ठिपके आहेत, आणि ते साधारणपणे त्याच वर्षाचे मानले जातात. येथे जलचर हा पाण्याचे प्रतीक नाही, ते नाव आहे. ससा हा चंद्राचे प्रतीक नाही, ते वर्ष आहे. ज्याला यादी पाठ आहे तो नेमका येथे फसतो.

तिथीलाही स्वतःचा अर्थ असतोच. ‘१ ससा’ हे वर्ष दुष्काळाच्या भीतीशी जोडलेले होते, कारण १४५४ मध्ये, त्याच नावाच्या वर्षी, मेक्सिकोच्या खोऱ्यात भीषण उपासमार झाली होती. सूर्यशिळेच्या मध्यभागी पूर्वी नष्ट झालेल्या चार युगांच्या तिथी आहेत. त्यांपैकी ‘४ जग्वार’ हे युग जग्वारांनी माणसे खाऊन संपवले अशी कथा होती.

आत, मागे आणि खाली पाहा

समोरून काढलेले एकच छायाचित्र या शिल्पांसाठी कधीही पुरेसे नसते. १९०१ मध्ये महामंदिराच्या परिसरात सापडलेला मोठा जग्वार याचे आदर्श उदाहरण आहे. लांबी सुमारे सव्वादोन मीटर, जबडा उघडा, दात बाहेर, संपूर्ण देह ताणलेला; समोरून पाहिले तर हे सामर्थ्याचे शिल्प वाटते, आणि वर्णन तेथेच थांबते. पण त्याच्या पाठीवर एक गोल खळगा आहे, आणि त्या खळग्याच्या तळाशी दोन देवता आपले कान टोचून रक्त अर्पण करताना कोरलेल्या आहेत. त्यांना सामान्यतः वित्सिलोपोच्त्ली आणि तेस्कात्लिपोका मानतात. म्हणजे हे पात्र आहे. त्यात जे ठेवले जाई ते बळीचे अर्पण होते, आणि देवही स्वतःचे रक्त देतात हे चित्र त्या अर्पणाखाली झाकले जाई. १९८५ मध्ये त्याच भागात गरुडाच्या आकाराचे, पाठीवर तसाच खळगा असलेले पात्र सापडले. गरुड आणि जग्वार यांची जोडी मेशिका जगात वारंवार भेटते. येथे ती एकाच कामाच्या दोन दगडांत प्रत्यक्ष उभी आहे.

जग्वारचे तेस्कात्लिपोकाशी असलेले नाते, त्याच्या ठिपक्यांत पाहिलेले तारांकित आकाश, गुहा आणि डोंगराचा गाभा यांच्याशी त्याचा संबंध, राजांच्या आसनावरचे त्याचे कातडे, हे सर्व या पात्राच्या अर्थात भर घालते. तरीही सुरुवात खळग्यापासून करावी. वस्तूचे काम कळले की प्रतीकांपैकी कोणते येथे जागे आहे आणि कोणते नुसते सोबत आले आहे, हे ठरवणे सोपे जाते.

खालची बाजू तर या कलेतील सर्वांत चकित करणारी जागा आहे. अनेक पात्रांच्या आणि मूर्तींच्या तळाशी, जमिनीला टेकलेल्या पृष्ठभागावर, त्लाल्तेकुत्लीची बेडकासारखी फेंगडी बसलेली आकृती कोरलेली असते. ती पाहणाऱ्या माणसासाठी नाही. ती जिच्यासमोर ठेवायची त्या पृथ्वीसाठीच आहे. संग्रहालये आता अनेकदा अशा बाजूची प्रतिकृती किंवा छायाचित्र शेजारी लावतात, आणि ते न पाहता पुढे जाणे म्हणजे शिल्पाचा एक मोठा भाग सोडून जाणे होय.

मूळ जागा शोधा

शिल्प कोठे सापडले ही माहिती फलकाच्या शेवटच्या ओळीत असते, पण ती आधी वाचावी. तेनोचतित्लानच्या महामंदिराला दोन भाग होते : उत्तरेचा पावसाचा देव त्लालोक याचा, दक्षिणेचा वित्सिलोपोच्त्लीचा. त्लालोकच्या जिन्यासमोर दोन दगडी बेडकांची वेदी आहे. पावसाआधी ओरडणारे बेडूक पर्जन्यदेवाच्या दाराशी बसवलेले आहेत, आणि त्यांचा अर्थ जागेने पक्का होतो. दक्षिणेचा भाग म्हणजे कोआतेपेक, सापांचा डोंगर, जेथे वित्सिलोपोच्त्लीचा जन्म झाला. जिन्यांच्या पायथ्याशी प्रचंड सर्पमुखे आहेत, आणि २१ फेब्रुवारी १९७८ रोजी वीज कंपनीच्या कामगारांना सापडलेली कोयोल्शाउकीची सव्वातीन मीटर व्यासाची शिळा याच भागाच्या पायथ्याशी होती, कारण कथेत तिचा छिन्न देह डोंगरावरून खाली कोसळतो. हीच शिळा दुसरीकडे असती तर तिच्यावरचे साप आपण निराळ्या प्रकारे वाचले असते. त्या शोधानंतर एदुआर्दो मातोस मोक्तेसुमा यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या उत्खननामुळे प्राणिशिल्पे पहिल्यांदाच मोठ्या संख्येने त्यांच्या जागेसह हाती आली, आणि अर्थ लावण्याची रीत त्यामुळेच बदलली.

मालिनाल्को येथील मंदिर तर संपूर्ण डोंगराच्या खडकात कोरलेले आहे. १५०१ मध्ये अहुइत्सोत्लच्या काळात सुरू झालेल्या या वास्तूचे दार हे सापाचे उघडे तोंड असून त्याची दुभंगलेली जीभ उंबरठ्यावर पसरलेली आहे. आतल्या गोल दालनात अर्धवर्तुळाकार ओट्यावर दोन गरुड आणि त्यांच्या मध्ये जग्वार कोरलेला आहे. जमिनीच्या मध्यावर आणखी एक गरुड आहे. हे प्राणी सुटे दाखवले तर गरुड-योद्धे आणि जग्वार-योद्धे एवढेच सांगता येते. प्रत्यक्षात माणसाला आधी पृथ्वीच्या तोंडातून आत शिरावे लागते, आणि मग या प्राण्यांच्या कातड्यांवर बसण्याचा मान मिळतो. वास्तू आणि प्राणी यांना वेगळे करून येथे काहीच नीट समजत नाही.

उलट दिशेनेही जागेचा उपयोग होतो. चापुल्तेपेक या टेकडीचे नावच नाकतोड्यावरून आलेले आहे. तेथून मिळालेला लाल दगडाचा सुंदर नाकतोडा समोर आला, तर गूढ प्रतीके शोधण्याआधी तो त्या स्थानाची खूण असल्याचा विचार करावा. ही टेकडी राजधानीला गोड्या पाण्याचे झरे पुरवत असे, त्यामुळे हे स्थान किरकोळ नव्हते.

लिखित साधने शेवटी उघडा

यानंतरच ग्रंथांकडे वळावे. सर्वांत मोठे साधन म्हणजे फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन यांनी नावात्ल भाषिक सहकाऱ्यांसह सोळाव्या शतकात सिद्ध केलेला १२ खंडांचा ‘फ्लोरेंटाइन कोडेक्स’. त्याच्या अकराव्या खंडात प्राण्यांची वर्णने आहेत. सातव्या खंडातील सूर्याच्या जन्माची कथा तर प्रत्येक अभ्यासकाने वाचावी : तेओतिवाकान येथे देवाने अग्नीत उडी घेतली, मागोमाग गरुड झेपावला आणि त्याची पिसे करपली, मग जग्वार आला आणि निवत्या आगीत त्याच्या अंगावर केवळ डाग पडले. त्याच कथेत चंद्राचे तेज मंद करण्यासाठी त्याच्या तोंडावर ससा फेकला जातो. तिसऱ्या खंडात मृताला पाताळातील नदी पार करून देणारा पिवळसर कुत्रा येतो. पांढरा आणि काळा कुत्रा मात्र निमित्त सांगून नकार देतात.

या कथा अनमोल आहेत, परंतु त्या स्पॅनिश विजयानंतर, ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली लिहिल्या गेल्या, हे ध्यानात ठेवावे. कथेतील तपशील आणि दगडावरील तपशील जुळत असेल तेव्हाच कथा शिल्पाला लावावी. प्रत्येक दगडी कुत्रा पाताळाचा वाटाड्या नसतो. काही कुत्रे, नाकतोडे आणि पिसवा इतक्या आपुलकीने व इतक्या कमी चिन्हांसह घडवलेल्या आहेत की, त्यांच्यावर मोठा अर्थ लादणे हा त्या शिल्पकाराच्या निरीक्षणावर अन्याय ठरेल.

एका शिल्पावर संपूर्ण पद्धत लावून पाहा

सरावासाठी कोआत्लिक्वे, म्हणजे ‘सापांचा घागरा असलेली’, या देवीच्या मूर्तीपेक्षा चांगले शिल्प नाही. अडीच मीटरांहून उंच ही मूर्ती १३ ऑगस्ट १७९० रोजी मेक्सिको सिटीच्या मुख्य चौकात सापडली. अंतोनिओ दे लेओन ई गामा यांनी १७९२ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे विद्यापीठाच्या आवारात ती पुन्हा पुरण्यात आली, आणि जर्मन शास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांच्या भेटीच्या वेळी त्यांना पाहता यावी म्हणून तात्पुरती उकरून काढावी लागली, इतकी ती तत्कालीन अधिकाऱ्यांना अस्वस्थ करत होती.

आधी जात ठरवावी : साप, आणि घागऱ्यात गुंफलेल्या सापांच्या शेपट्यांना खुळखुळे. मग प्रत्येक साप वेगळा मोजावा. मानेवर डोके नाही. तेथून दोन साप वर येऊन समोरासमोर वळतात आणि त्यांच्या दोन अर्ध्या चेहऱ्यांतून एक भयंकर चेहरा तयार होतो. छेदलेल्या मानेतून निघालेले हे रक्ताचे झोत आहेत. हातांच्या जागीही सर्पमुखे आहेत. घागरा वस्त्र म्हणून विणलेल्या सापांचा आहे आणि तोच देवीचे नाव सांगतो. पायांमधून लोंबणारा साप पुन्हा रक्ताकडे निर्देश करतो. एकाच देहावर साप कोठे रक्त आहे, कोठे अवयव, तर कोठे वस्त्र. तिन्ही अर्थ जवळजवळ असूनही एकमेकांत मिसळत नाहीत, कारण प्रत्येकाची जागा नेमकी आहे. पायांना मोठी नखे आहेत, गळ्यात हात, हृदये आणि कवटी यांची माळ आहे. शेवटी तळाशी जावे : तेथे त्लाल्तेकुत्ली कोरलेली आहे, जमिनीकडे तोंड करून.

टिपण करताना पानाचे दोन भाग करावेत. एका बाजूला डोळ्यांना दिसणारे लिहावे, उदाहरणार्थ ‘वर वळलेले नाक, शेपटीशी वर्षचिन्ह’. दुसऱ्या बाजूला त्यावरून काढलेले अनुमान आणि त्याचा आधार, म्हणजे खूण, जागा, काम की ग्रंथ. जाणकारांत मतभेद असतील तर दोन्ही मते नोंदवावीत. सूर्यशिळेच्या मध्यावरचा चेहरा सूर्यदेव तोनातिउचा की पृथ्वीदेवता त्लाल्तेकुत्लीचा, हा वाद जुना आहे. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना हृदये घट्ट पकडणारे नखांचे पंजे आहेत, आणि ते पंजे कोणाचे मानायचे यावर बाजू बऱ्याच अंशी ठरते. त्या पंजांचे वर्णन आपल्या शब्दांत पूर्ण लिहून झाल्यावरच वादातील मते वाचायला घ्यावीत.